पहिली नळी, बारावी नळी

बर्फाच्या डब्यात बारा नळ्या उभ्या होत्या. प्रत्येकीत एक मिलिलिटर पाणी, फक्त अकरावीत रेघेच्या जरा खाली. पाणी नितळ होतं. त्याला रंग नव्हता, गढूळपणा नव्हता, रक्ताचा तांबूस धागासुद्धा कुठे दिसत नव्हता. प्रत्येक नळीवर मेणाच्या पेन्सिलीनं एक ते बारापैकी एक आकडा घातला होता, आणि त्याच्या वर सगळ्यांवर सारखाच एक क्रमांक: सव्वीस. नाव कुठेच नव्हतं.

नाव लागतही नव्हतं. त्या सोमवारी सकाळी डॉक्टर उदयसिंहांच्या दवाखान्यात एकाच माणसाच्या पाठीतून पाणी काढलं होतं, आणि तो शिवलीलेचा थोरला भाऊ राजशेखर होता. घरात ती त्याला अण्णा म्हणायची.

तिनं डबा छातीशी धरून मागच्या खोलीत नेला. ताराबाई पार्कातल्या त्या दवाखान्यात पुढे मनोरुग्णांचे वॉर्ड होते आणि मागे, पूर्वी जिथं मोटार ठेवत तिथं, डॉक्टरांनी हौसेनं प्रयोगशाळा थाटली होती. उणे सत्तर अंशांचा एक फ्रीझर, एक अपकेंद्रित्र, आणि एका औषध कंपनीनं मोडीत काढलेलं, पण अजून इमानानं चालणारं पृथक्करणाचं यंत्र. हे १९९८ सालचं. शिवलीला जीवरसायनात एम.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं आणि यंत्राची कळ कुठं दाबायची हे दवाखान्यात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. भावाचा नमुना बहिणीनं मोजू नये हे डॉक्टरांनाही कळत होतं, तिलाही कळत होतं. दुसरं माणूस नव्हतं, एवढंच.

मोजायचं ते असं. मेंदूत सेरोटोनिन नावाचा एक पदार्थ असतो. तो वापरला गेला की मोडतो आणि त्यातून एक आम्ल उरतं. ते मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत येतं. त्या आम्लाचं पूर्ण नाव घ्यायला दम लागतो, म्हणून डॉक्टर त्याला राख म्हणत. "गुऱ्हाळाच्या चुलवाणात किती चिपाड जळलं ते कसं ओळखतोस?" ते नव्या माणसाला विचारत. "राख बघून. तसंच हे." परदेशातल्या अभ्यासांत दिसलं होतं, की निराशेनं आजारी असलेल्यांपैकी ज्यांच्या पाण्यात ही राख कमी, त्यांच्यात स्वतःच्या जिवावर उठणारे जास्त. मिलिलिटरमागे पंधरा नॅनोग्रॅमच्या खाली ते कमी धरत. इकडच्या माणसांत तसंच दिसतं का, हे डॉक्टरांना बघायचं होतं.

"पण ध्यानात ठेव," त्यांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "हा कळपाचा आकडा आहे. एका म्हशीला दावणीतून सोडून तिच्या गळ्यात तो बांधायचा नाही."

हे तिनं ध्यानात ठेवलं होतं. सप्टेंबरपर्यंत ते सोपं होतं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी राजशेखर रंकाळ्याच्या काठावरून चालत पाण्यात गेला. म्हशी धुणाऱ्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि ओल्या कपड्यांनिशी शुक्रवार पेठेतल्या घरी आणून सोडलं. "पाय घसरला," अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे त्यांचे वडील बसलिंगाप्पा, गूळबाजारातले जुने अडते. त्यांनी एकदा म्हटलं की पाय घसरला तो घसरलाच. पुढचे दोन महिने घरात कुणी वेगळा शब्द काढला नाही. राजशेखर दुकानात जायचा, गादीवर बसायचा, कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी बराच वेळ लागायचा. जेवण ताटात तसंच राहायचं. शेवटी शिवलीलाच त्याला डॉक्टरांकडे घेऊन आली.

डॉक्टरांनी तपासलं, दाखल करून घेतलं आणि गोळ्या सुरू करतो म्हणाले. अप्पा आडवे आले.

"आधी नमुना बघू की. तुमी पाठीतलं पाणी तपासतासा न्हवं? तपासा. खोट निघाली तर गोळ्या. उगंच कशापायी डोक्याची औषधं? उद्या पोरगी द्यायला कोण येईल?"

"पाण्यावर माझं काही ठरत नाही, अप्पा," डॉक्टर म्हणाले. "माणूस समोर बसलाय, त्याच्याकडं बघून ठरतं."

"माझं ठरतंय," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी आठवडाभर थांबायचं कबूल केलं, पण खोलीत घरचं माणूस सतत पाहिजे या अटीवर. म्हणून शिवलीलेची आई, शिवगंगा, वळकटी घेऊन येऊन राहिली. ती चिकोडीकडची. पन्नाशी उलटली तरी तिच्या मराठीत कानडी मधूनच डोकवायची. मुलं तिला अव्वा म्हणत.

बुधवारी दुपारी आकडा आला.

बारा नळ्यांतून अर्धा-अर्धा मिलिलिटर घेऊन एकत्र करायचा आणि ते मिश्रण यंत्रात सोडायचं, असा शिरस्ता. कागदाच्या पट्टीवर पेन सरकत राहतं, आपली वेळ आली की ते आम्ल एक टोकदार डोंगर काढून जातं. त्या डोंगराची उंची पट्टीनं मोजायची आणि ठाऊक असलेल्या द्रावणाच्या डोंगराशी ताडून बघायची. शिवलीलेनं दोनदा मोजलं. चोवीस पूर्णांक सहा.

 ती स्टुलावर बसली आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून खूप वेळ हसली.

अप्पा संध्याकाळी आले, धोतराला गुळाचा वास घेऊन. त्यांनी वॉर्डाच्या दारातच विचारलं, "आला काय निकाल?" आणि तिनं सांगितलं. चांगला आहे म्हणाली. पंधराच्या वर पाहिजे, चोवीस आहे म्हणाली. कळप आणि म्हैस हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण अप्पांचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला होता, आणि ते तिच्या तोंडातच राहिलं.

"म्हटलं न्हवतं!" अप्पांनी काठी फरशीवर आपटली. "पाय घसरलाता त्याचा. शेवाळ काय कमी हाय व्हय रंकाळ्याला? शनवारी घरी न्यायचा. हंगाम तोंडावर आलाय, गुळाचे रवे लागायला लागलेत, गादीवर माणूस न्हाय."

"जोतिबाला गुलाल घेऊन जाऊन येऊया," अव्वा म्हणाली. "आणि नरसोबाच्या वाडीला बी."

"सगळीकडं जाऊ. आधी हंगाम."

राजशेखर खाटेवर आडवा होता. सुई टोचल्यापासून तो उठून बसला की त्याचं डोकं फुटायला यायचं, आडवं पडलं की थांबायचं. डॉक्टर म्हणाले होते, चार दिवसांत जाईल. आईबाप बाहेर व्हरांड्यात गेल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "चांगला आला म्हणं आकडा."

"व्हय, अण्णा."

"म्हणजे माझ्यात खोट न्हाय."

"न्हाय."

 

"ताप आला की माणूस बरळतो," तो म्हणाला. "आपण म्हणतो, ताप बोलतोय, ह्यो न्हवं. मला वाटलंतं, माझं बी तसंच काय तरी असंल. आत काय तरी बिघडलंय आणि त्ये बोलतंय. तुमी मोजून काढलंसा, काय बी बिघडलेलं न्हाय." त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मंग लीले, हे जे दिवसभर आत बोलतंय न्हवं, त्ये मीच हाय."

 तिनं त्याच्या पायावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

त्या रात्री ती झोपली नाही, आणि सकाळी सात वाजता प्रयोगशाळेत आली. तिचा एक स्वभाव होता. मन सैरभैर झालं की ती काहीतरी मोजायला घ्यायची. फ्रीझरमध्ये सव्वीस क्रमांकाच्या बारा नळ्यांत अर्धा-अर्धा मिलिलिटर उरला होता. तिनं पहिली आणि बारावी बाहेर काढल्या.

हा तिचा स्वतःचा उद्योग होता, डॉक्टरांच्या अभ्यासात नसलेला. माणूस रात्रभर निपचित आडवा राहिला की कण्यातलं पाणी स्थिर होतं. मग मेंदूजवळच्या पाण्यात राख जास्त असते आणि कमरेजवळच्या पाण्यात कमी. सुई कमरेत, त्यामुळे पहिल्या नळीत खालचं पाणी येतं आणि बाराव्या नळीपर्यंत वरचं उतरायला लागतं. आकडे दर वेळी चढतात. किती चढतात, कुणात जास्त चढतात, याचं तिला कुतूहल होतं, म्हणून ज्याचं पाणी यायचं त्याची पहिली आणि शेवटची नळी ती सवडीनं वेगळी मोजायची. आजवर एकदाही उलटं झालं नव्हतं. बारावीतली राख पहिलीच्या जवळजवळ दीडपट भरायची.

अण्णाची पहिली नळी: चोवीस पूर्णांक चार. बारावी: चोवीस पूर्णांक सात.

तिनं परत मोजलं. मग ठाऊक असलेलं द्रावण सोडून यंत्र तपासलं. यंत्र शुद्धीवर होतं. मग तिनं सहावी नळी काढली. चोवीस पूर्णांक पाच.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. कण्यातलं पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखं होतं, आणि तसं ते एकाच कारणानं होतं. कुणीतरी ते ढवळलं होतं.

अव्वा खिडकीत बसून शेंगा निवडत होती. राजशेखर भिंतीकडे तोंड करून झोपला होता, किंवा झोपल्यासारखा होता.

"अव्वा, रविवारी रात्री अण्णा उठलाता?"

"न्हाय."

"सुईच्या आधी. रात्री दहापासनं सकाळी आठपर्यंत हलायचं न्हाय म्हणून सांगितलंतं. लघवीला सुदिक भांडं दिलंतं."

"दिलंतं की. भांड्यातच केली त्यानं."

"अव्वा."

अव्वानं सूप बाजूला सारलं. "पूजेला तेवढा उठला," ती म्हणाली. "त्यात काय झालं? गळ्यातल्या लिंगाची पूजा न करता पाठीत सुई टोचून घ्यायची? जल्मल्यापासनं त्यानं पूजा चुकवल्याली न्हाय. रंकाळ्यावर गेलता त्या दिवशी तेवढी चुकवली." तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. "म्हणून म्या चारला उठवलं. वॉर्डातल्या बनाबाई आयाकडनं ऊन पाण्याची बादली मागून घेतली. त्या टोकाच्या न्हाणीत अंघोळ घातली. मांडी घालून ताठ बसला, डोळं मिटून, लई दिवसांनी बसला तसा. पंचवीस बेल वाहिले. मंग परत आडवा झाला. सहाला तुमची सिस्टर आली तवा हा आपला गप पडलेला. कुणाला कळलं बी न्हाय."

"सांगायचं न्हवतंस व्हय?"

"सांगितलं असतं तर तुझ्या डॉक्टरनं सोडलं असतं?" अव्वाचा चेहरा उजळला. तिनं खालच्या आवाजात, जणू लेकीला गुपित देतेय अशा सुरात म्हटलं, "आणि बघ की. त्यानंच तर तुझा आकडा वर आला."

शिवलीलेनं ते सगळं मनातल्या मनात ओळीनं मांडलं. लांबच्या न्हाणीपर्यंतची चाल, वाकून अंगावर घेतलेलं पाणी, ताठ बसणं, पुन्हा आडवं होणं. मेंदूजवळचं पाणी कमरेपर्यंत यायला एवढं पुष्कळ होतं. आई म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं.

डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिन्ही कागद उजेडात धरून बघितले आणि म्हणाले, "सव्वीस नंबर काढून टाक."

"आणि अण्णा?"

"त्याच्या गोळ्या मी येत्या सोमवारी सुरू करणारच होतो. आकडा पस्तीस आला असता तरी केल्या असत्या. हे मी तुझ्या वडिलांना तीनदा सांगितलं." त्यांनी चष्मा काढला. "तू त्यांना चोवीस सांगितलास. आता माझा शब्द त्यांना हलका वाटणार. जा आणि निस्तर."

गूळबाजारात सौदे सुरू झाले होते. अप्पांच्या अडतीपुढे रव्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, पिवळे, तांबूस, काळपट. खरेदीदारांचा घोळका थप्पीवरून थप्पीकडे सरकत होता. त्यांच्या आवाजांतून वाट काढत ती आत गेली तेव्हा अप्पा एका रव्याला सुरीनं टवका काढून जिभेवर ठेवत होते.

"आलीस? चा सांगू काय?" मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"आकडा चुकलाय, अप्पा."

"तुझा?"

"माझा न्हवं. नमुन्याचा." आणि तिनं पाण्याचं सांगायला सुरुवात केली, वर जास्त, खाली कमी. अप्पांच्या कपाळावर आठी चढली. ती थांबली आणि समोरच्या थप्पीकडे तिनं पाहिलं.

"अप्पा, काहिलीत रस उकळतोय. वर फेस, तळाला गाळ. तुमाला तळाचा रस किती गढूळ हाय ते बघायचं हाय. कुणी तरी लांब दांड्याची शिबी घालून सगळा ढवळला, आणि मंग तुमाला वाटी भरून दिली. काय कळंल?"

"ढवळल्याल्या रसाची वाटी कोण बघंल?" अप्पा म्हणाले. "येडा हाय काय मी?"

"अण्णाचं पाणी ढवळल्यालं हाय."

अप्पांनी सुरी पुसली, दोन्ही बाजूंनी, हळूहळू. "कुणी ढवळलं?"

तिनं सांगितलं. आईनं पहाटे उठवलं, अंघोळ, पूजा. आईवर ओरडतील म्हणून ती अंग चोरून उभी राहिली, पण ते ओरडले नाहीत. बाहेर कुणीतरी भाव चढवत होता आणि दुसरा त्याच्या बापाचा उद्धार करत होता.

"डॉक्टर म्हणतात, आकड्याची वाट न बघता गोळ्या सुरू करूया," ती म्हणाली. "मी बी तेच म्हणते. आकड्यावर काय ठरत न्हाय, अप्पा. काल मी सांगायलाच नको होतं."

"ठरत न्हाय तर काढलं कशाला?" त्यांनी मान हलवली. "न्हाय. परत काढा. ह्या खेपेला न ढवळता काढा. पंधराच्या खाली आला तर राहू दे तिथंच, द्या गोळ्या, म्या तोंड उघडणार न्हाय. वर आला तर घरी. हे माझं शेवटचं."

"अप्पा, असं नसतंय..."

"लीले." त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाठ केली. त्यांचा आवाज इतका खाली तिनं कधी ऐकला नव्हता. "पंधराच्या खाली आला म्हणजे पाय घसरला न्हवता. असंच न्हवं?"

 तिनं खरं उत्तर दिलं असतं तर ते असं होतं, की तो आकडा एवढं सांगू शकत नाही. पण ते विचारत होते ते आकड्याबद्दल नव्हतं.

"जा," ते म्हणाले. "सांग डॉक्टरला."

डॉक्टर चिडले, मग नाइलाजानं राजशेखरला विचारू या म्हणाले. एका आठवड्यात दुसऱ्यांदा सुई म्हणजे पुन्हा ती डोकेदुखी. त्यानं नको म्हटलं तर विषय संपला, आणि मग मी बसलिंगाप्पांशी दुसऱ्या भाषेत बोलतो, असंही म्हणाले.

राजशेखर लगेच हो म्हणाला. इतकं लगेच त्यानं दोन महिन्यांत कशालाच उत्तर दिलं नव्हतं.

"ह्या खेपेला हालत न्हाय मी," तो म्हणाला. डॉक्टर गेल्यावर त्यानं तिचं मनगट धरलं. "लीले, कमी येऊ दे."

"अण्णा, कसला बी आला तरी..."

"कमी येऊ दे. मंग मला कळंल, मी न्हवं त्ये."

ती प्रयोगशाळेत येऊन बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपणही तेच मागतोय. बुधवारी हा आकडा वर आला म्हणून ती हसली होती. आता तो खाली यावा असं तिला वाटत होतं. सख्ख्या भावाच्या पाण्यात राख कमी निघावी, जिवावर उठणाऱ्यांच्या बाजूला तो निघावा, असं. मोजणाऱ्यानं काही मागू नये, एवढं तिला शिकवलेलं होतं. तिनं दोन वेळा हात धुतले आणि शुक्रवारची संध्याकाळ द्रावणं तयार करण्यात घालवली.

राहिला प्रश्न पूजेचा.

"आडवं पडून पूजा?" अव्वा म्हणाली. "न्हाता न धुता? असली पूजा कुठं असती काय?"

"मंग उद्या राहू दे पूजा," राजशेखर म्हणाला.

"राहू दे म्हणू नगंस!" अव्वा अशी ओरडली की बनाबाई दारात डोकावून गेली. रंकाळ्याचा दिवस तिच्या डोळ्यांत उभा होता.  मग अव्वाच म्हणाली, "साकु. पुरं आता. बघू म्या काय ते."

शनिवारी शिवलीला उजाडायच्या सुमारास खोलीत आली. राजशेखर उताणा पडला होता, हात अंगालगत, रात्री दहाला होता तसाच. अव्वा न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून खाटेशेजारी उभी होती. तिनं पंचा ओला करून पिळला आणि आधी त्याचं कपाळ पुसलं, मग डावा हात, बोटं एकेक सोडवून. भस्माची तीन बोटं कपाळावर ओढली. त्याच्या गळ्यातल्या करडकीतून, चांदीच्या डबीतून, लिंग काढून तिनं ते त्याच्याच डाव्या तळव्यावर ठेवलं आणि तो तळवा आपल्या डाव्या हातानं त्याच्या छातीवर धरून ठेवला, म्हणजे त्याला मान उचलायला लागू नये.

"तू म्हण नुसतं," ती म्हणाली. "बाकीचं म्या करतो."

तो ओठांतल्या ओठांत म्हणत राहिला. तिनं चमच्यानं पाणी घातलं, बेलाचं पान ठेवलं. पाणी तळव्यावरून मनगटाकडे निघालं ते तिनं पदरानं टिपलं. राजशेखरचे डोळे मिटलेले होते आणि त्यांच्या कडांतून पाणी येत होतं. तो उताणा असल्यामुळे ते गालांवरून खाली न येता कानांकडे वाहत होतं, आणि हलायचं नाही म्हणून त्यानं ते पुसलं नाही. अव्वाचे दोन्ही हात गुंतले होते. शिवलीलेनं पुढे होऊन रुमालाच्या टोकानं ते टिपलं, आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या.

आठ वाजता डॉक्टरांनी सुई घातली. बारा नळ्या भरल्या, सगळ्या रेघेपर्यंत. त्यांच्यावर नवा क्रमांक घातला, सत्तावीस.

अप्पा बाजार सोडून आले होते. ते प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, मोटारीसाठी बांधलेल्या उतारावर, काठी गुडघ्यांत धरून बसून राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. अव्वा पुढच्या खोलीत, राजशेखरच्या उशाशी. दोनदा अप्पांनी विचारलं, "झालं?" आणि दोनदा शिवलीला आतून म्हणाली, "अजून न्हाय." तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

आधी तिनं ठाऊक असलेलं द्रावण सोडलं. मग पहिली नळी, मग बारावी, मग मिश्रण, आणि प्रत्येक पुन्हा एकदा. पेन सरकत राहिलं. शेवटचा डोंगर उतरून रेघ सपाट झाली तेव्हा तिनं कागद फाडून टेबलावर पसरला, पट्टी ठेवली, उंच्या उतरवून घेतल्या आणि भागाकार केले. ते तपासले. मग ती दारात आली. अप्पा काठीवर भार देऊन उभे राहिले.

पहिली नळी, अकरा पूर्णांक सात. बारावी नळी, सतरा पूर्णांक एक. मिश्रण, चौदा पूर्णांक दोन नॅनोग्रॅम, दर मिलिलिटरला.